खिशातली दौत



ह्या व्यासपीठाला मोठमोठ्या विषयांची सवय आहे. पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमालेचा पायंडा पाडला. तेव्हापासून अशा मालांतून धर्म, राज्य, अर्थ, इतिहास ह्यांवर विद्वानांनी बोलावे आणि गावाने ऐकावे, अशी रीत आहे. आम्ही विद्वान नाही. आमचे शिक्षण नववीपर्यंत शाळेत झाले आणि पुढचे कामगार संघटनेच्या कचेरीत, रात्रीच्या वेळी, इतरांनी वाचून ठेवलेल्या पुस्तकांवर झाले. चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही म्हटले, ‘शाईचे पेन.’ त्यांना वाटले की आम्ही लेखणीच्या सामर्थ्यावर बोलणार. तसे नाही. खिशाला परवडणारे, रोजच्या वापराचे पेन कसे निवडावे आणि कसे सांभाळावे, एवढेच आम्हांला सांगावयाचे आहे. मात्र हा विषय का घेतला, ते आधी सांगितले पाहिजे.

एकोणीस वर्षांचे असताना आम्ही एका लहान कारखान्यात हेल्पर म्हणून लागलो. पगाराच्या दिवशी रांग असे. टेबलापलीकडे कारकून, त्याच्यापुढे रजिस्टर, आणि रजिस्टराला दोरीने बांधलेले पेन. एका पगाराला रजिस्टरावर सही झाल्यावर कारकुनाने एक कोरा कागद पुढे सरकवला आणि म्हणाला, ‘इथं पण कर. मागं लाइन खोळंबलीय.’ पेन हातात होतेच. आम्ही सही केली. पाच महिन्यांनी, दिवाळीच्या तोंडावर, आम्ही ओव्हरटाइमचा हिशेब मागितला, तेव्हा त्या सहीच्या वर आमचा राजीनामा टाइप केलेला निघाला. भांडायला गेलो तर एकच प्रश्न आला : ‘सही तुझीच ना?’ सही आमचीच होती. त्यावर काय बोलणार?

त्या कारखान्यात एक वयस्क फिटर होते. आम्ही त्यांना मिस्त्री म्हणत असू. ते आम्हांला फाटकापर्यंत पोचवावयास आले आणि म्हणाले, ‘पोरा, पाना स्वतःचा ठेवतोस ना? मग पेन दुसऱ्याचं का घेतलंस?’ पुढच्या रविवारी आम्ही बाजारात जाऊन पंधरा रुपयांचे शाईचे पेन घेतले. त्या दिवसापासून आजतागायत आम्ही दुसऱ्याच्या पेनाने सही केलेली नाही. स्वतःच्या पेनात काही जादू असते, असे नव्हे. पण ते खिशातून काढावे लागते, त्याचे टोपण उघडावे लागते, आणि तेवढ्या वेळात समोरच्या कागदाकडे नजर जाते. आम्हांला एवढाच अवधी हवा असतो.

आता थोडे मागे जाऊ. बोरू असो की टाक, त्याला दौत लागे. दौत मेजावर असते, आणि मेज ज्याचे असेल त्याच्या समोर जाऊन लिहावे लागते. शाई बरोबर बाळगण्याचे प्रयत्न पुष्कळ झाले, पण पेन एकतर गळे नाहीतर अडे. अमेरिकेत विम्याचे काम करणाऱ्या लुइस वॉटरमन ह्या गृहस्थाने १८८४ साली ज्या पेनाचे पेटंट घेतले, त्याने हा प्रश्न बऱ्याच अंशी सोडवला. आणि योगायोग असा की, त्याच १८८४ साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या. आठवड्याची सुट्टी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार, अशा मागण्यांचा अर्ज तयार झाला. त्यावर साडेपाच हजार कामगारांची नावे पडली आणि तो फॅक्टरी कमिशनपुढे गेला. रविवारची सुट्टी गिरणीमालकांनी मान्य केली ती १८९० साली. ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. पण साध्या माणसाच्या नावाला कागदावर किंमत आली आणि साध्या माणसाच्या खिशात मावेल अशी दौत तयार झाली, त्या ह्याच काळात.

ही दौत चालते कशी? निबाखाली एक काळा, खाचा असलेला तुकडा असतो, त्याला जीभ म्हणतात. तिच्यातल्या केसासारख्या बारीक खाचेतून शाई पुढे येते आणि दुसऱ्या वाटेने हवा मागे नळीत जाते. दिव्याची वात तेल ओढते, त्याच नियमाने निबाची चीर शाई ओढते. निब कागदाला टेकले की शाई कागदावर उतरते. दाबण्याची गरजच नसते. बॉलपेनातील शाई घट्ट असते आणि तिला गोळी फिरवावी लागते, म्हणून तिथे जोर लागतो. शाईच्या पेनाला जोर लावणे म्हणजे चालत्या बैलाला पराणी टोचणे. हा नियम ध्यानात ठेवला की पुढचे सगळे आपोआप कळते.

आता निवड. कामगार हत्यार घेतो तसेच पेन घ्यावे.

पहिले, हाताला बसते का ते पाहावे. टोपण मागे लावून आणि न लावता, दोन्ही तऱ्हांनी धरून पाहावे. पाच ओळींत बोटे अवघडली तर पाच पानांत हात दुखणार.

दुसरे, निब. सोन्याच्या निबाची हौस ज्याला परवडते त्याने करावी. रोजच्या कामाला पोलादी निब पुरते. झिजते ते टोक, आणि चांगल्या पोलादी निबाच्या टोकालाही कठीण मिश्रधातूचा कण बसवलेला असतो. आपल्या देवनागरीला मात्र निब बारीक घ्यावे. जाड निबाने ‘ध’, ‘भ’, ‘ळ’ ह्यांची पोटे भरून जातात. दुकानात पेन पाहताना नुसती सही करू नये, कारण सहीचा हात सराईत असतो आणि तो दोष झाकतो. शिरोरेघ ओढावी, काना ओढावा, ‘क्ष’ आणि ‘ळ’ काढावेत. रेघ आडवी, उभी आणि वळणावर सारखी उतरली पाहिजे. एखाद्या दिशेने खरखरले तर दुसरे पेन मागावे. दुकानदार कुरकुरेल, कुरकुरू द्यावे.

तिसरे, शाई भरण्याची सोय. तयार शाईच्या नळ्या, म्हणजे काट्रिज, सोपी पण महाग पडतात. ओढून शाई भरण्याचा पंप, म्हणजे कन्व्हर्टर, सोयीचा. आणि सर्वांत साधे ते ड्रॉपरने नळीत शाई भरावयाचे पेन. त्यात दोन मिलिलिटर शाई सहज मावते. म्हणजे साठ मिलिलिटरची बाटली तीस वेळा भरावयास पुरते. रोज दोन पाने लिहिणाऱ्याला अशी बाटली किती काळ जाईल, त्याचा हिशेब घरी करून पाहावा.

चौथे, पेन आपल्याला उघडता आले पाहिजे. नळी, निब, जीभ वेगळी करून धुता आली, की पेन बिघडले तरी ते आपल्या हातातले राहते. आणि टोपण घट्ट बसणारे, शक्यतो आट्यांचे घ्यावे. ढिल्या टोपणात निब वाळते आणि दोष बिचाऱ्या शाईला मिळतो.

किमतीचे म्हणाल, तर एका वेळच्या साध्या जेवणाच्या पैशात आजही कामाचे पेन मिळते. आपल्या देशात हा धंदा जुना आहे. राजमहेंद्रीचे रत्नम् यांनी स्वदेशीच्या चळवळीत पेन बनवावयास घेतले आणि गांधीजींनी १९३५ साली त्यांना पोच दिली. मुंबईत गिरगावात दांडेकर बंधूंनी १९३१ साली शाईची भुकटी आणि वड्या विकण्यापासून सुरुवात केली, आणि पुढे त्यांची उंटछाप शाई शाळाशाळांतून पोचली. कलकत्त्याची सुलेखा शाई १९३४ सालची. तो कारखाना मध्यंतरी बंद पडला होता, पण ती शाई २०२० साली पुन्हा बाजारात आली. बंद पडलेल्या कारखान्याचा भोंगा पुन्हा वाजला, असे ऐकले की आमच्यासारख्या माणसाला बरे वाटते.

शाईविषयी दोनच सूचना. चित्रकामाची काळी शाई, जिच्यात लाख असते, ती ह्या पेनात कधीही घालू नये. ती आत वाळली की पेन संपले. दुसरे, धुऊन जाणारी निळी शाई शाळेच्या वहीला ठीक, कारण ती गणवेशावरून निघते. पण जी शाई गणवेशावरून निघते ती करारावरूनही निघते. अर्ज, करार, पावती ह्यांवर पक्कीच शाई हवी. पक्की शाई मात्र पेनात वाळू देऊ नये.

आता सांभाळण्याचे. महिन्यातून एकदा साध्या पाण्याने, पाणी स्वच्छ निघेपर्यंत, पेन धुवावे. कढत पाणी नको, स्पिरिट नको. फार चिकटले असेल तर पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकावा. खिशात पेन उभे, निब वर करून ठेवावे. ड्रॉपरच्या पेनात शाई तिसरा हिस्सा उरली की भरून घ्यावी. कारण रिकाम्या नळीतली हवा हाताच्या उबेने फुगते आणि शाईला पुढे ढकलते. ह्या वैशाखात आपल्यापैकी कित्येकांच्या सदऱ्यावर निळा ठिपका पडला असेल. तो पेनाचा दोष नव्हे, अर्ध्या रिकाम्या नळीचा होय. आणि पेन लिहीत नसेल तर झटकू नये, दाबू नये. ओल्या फडक्यावर निब क्षणभर टेकवावे. बहुतेक वेळा तेवढ्याने काम भागते.

ह्या पेनाची उणीवही सांगितली पाहिजे. आम्ही वर्गणीच्या पावत्या कार्बन लावून फाडतो. तिथे दाब हवा, म्हणून बॉलपेनच हवे. हलक्या कागदावर शाई फुटते. पावसात साधी शाई टिकत नाही. तेव्हा बॉलपेनाशी आमचे वैर नाही. एका हत्याराने सगळी कामे होत नाहीत, हे कोणताही फिटर सांगेल.

कोणी म्हणेल, आता मोबाइल आला, पेन कुणाला हवे? प्रश्न रास्त आहे. पण आम्ही कारखान्याच्या फाटकावर उभे राहून एक गोष्ट पाहतो. आमच्या आज्यापणज्यांना सही येत नव्हती म्हणून ते अंगठा उठवीत. त्यांच्या पोरांना सही यावी म्हणून रात्रशाळा निघाल्या, कंदिलाखाली अक्षरे गिरवली गेली. आणि आज फाटकावरच्या यंत्रावर पदवीधर पोरगाही अंगठाच टेकवतो! हजेरीसाठी तो ठीक आहे. आमची तक्रार यंत्राविरुद्ध नाही. पण अंगठा टेकवण्यापूर्वी वाचावे लागत नाही, आणि न वाचण्याची सवय हातातून डोक्यात जाते. मोबाइलवर ‘मान्य आहे’ असे बटण येते, ते किती जण वाचून दाबतात? रजिस्टराला दोरीने बांधलेले पेन आणि हे बटण, ह्यांत आम्हांला फारसा फरक दिसत नाही.

दर ६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीवर जाणारे अनेक जण आता फुले, मेणबत्त्यांऐवजी वह्या आणि पेने नेतात, आणि ती पुढे गरजू मुलांना दिली जातात. ज्यांनी ही रीत सुरू केली त्यांना पेनाची खरी किंमत कळली, असे आम्ही समजतो.

आमचे मिस्त्री आता नाहीत. त्यांना स्वतःला लिहिता येत नव्हते, हे आम्हांला फार उशिरा कळले. ते पगाराला अंगठा उठवीत, पण त्याआधी रजिस्टरातली आपली ओळ आमच्याकडून वाचून घेत. मागे रांग किती आहे, हे त्यांनी कधी पाहिले नाही. म्हणून शेवटी आम्ही एवढेच म्हणतो की, ह्या उन्हाळ्यात प्रत्येकाने स्वतःसाठी नाहीतर घरातल्या मुलासाठी एक साधे, आट्याच्या टोपणाचे पेन घ्यावे. आणि सहीची वेळ आली की टोपणाचे आटे सावकाश सोडवावेत. ते सुटेपर्यंत कागद वाचून होत नसेल, तर टोपण पुन्हा बंद करावे आणि म्हणावे, ‘वाचून उद्या देतो.’ मागची रांग थांबेल. रांगेतल्या माणसांचाही त्यात फायदाच आहे.