धनुष्याचे लाकूड आणि वाडीचा हक्क

(मुळशी तालुक्यातील कातकरी वाड्यांवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



आज तिरकमठ्याच्या लाकडाबद्दल बोलायचे ठरले आहे. एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासींना पुष्कळ हक्क दिले, पण शिकारीचा हक्क त्यातून वगळला. तेव्हा येथून उठून कोणी सशामागे जायचे नाही. बोलायचे आहे ते लाकूड ओळखण्याच्या विद्येबद्दल. ही विद्या आज वाडीवरच्या म्हाताऱ्या माणसांकडेच उरली आहे, आणि वाडीच्या हक्कासाठी ती कशी उपयोगी पडते हे आपल्यापैकी पुष्कळांच्या ध्यानात आलेले नाही.

आपल्याकडे धनुष्याला बांबू चालतो, तसेच धामणीचे लाकूडही चालते. पण कुठलाही बांबू चालत नाही. कळक मोठा, काटेरी आणि पोकळ असतो. त्याची भिंत पातळ असेल तर वाकवताना चिरते. कोरड्या उतारावर वाढलेला जाड भिंतीचा, जवळजवळ भरीव बांबू, ज्याच्या लाठ्या करतात, तो ताण सोसतो. त्यातही वय पाहावे लागते. पहिल्या वर्षाच्या काठीवर पेरांशी सुकलेले वेष्टण चिकटलेले असते, अंगावर पांढरी भुकटी दिसते. ती काठी कोवळी. वाळली की आकसते. तीन-चार वर्षांच्या काठीचा रंग मळकट होतो, अंगावर बुरशीचे ठिपके येतात आणि कोयत्याच्या पाठीने ठोकले तर आवाज खणखणीत येतो. ती घ्यायची. कोवळ्या काठ्या बेटात राहू द्यायच्या, कारण पुढचे कोंब त्यांच्याच जोरावर येतात.

तोडण्याचा काळही ठरलेला आहे. पावसाळ्यात कोंब फुटतात, तेव्हा बेटाला हात लावायचा नाही. पाऊस संपून थंडी पडली की तोडायचे. त्या दिवसांत तोडलेल्या बांबूला भुंगा कमी लागतो.

आता धामण. शहरातल्या मुलाला धामण म्हटले की साप आठवेल, पण आपल्या डोंगरात धामण नावाचे झाड आहे. फालसा याच्याच जातकुळीतला. संस्कृतात या झाडाला धनुर्वृक्ष म्हणतात, म्हणजे नावातच त्याचा उपयोग आला. पानाची कड दातेरी असते आणि देठाजवळ पानाच्या दोन बाजू सारख्या नसतात, एक बाजू मोठी. देठापासूनच तीन ते पाच ठळक शिरा निघतात. उन्हाळ्यात पिवळसर फुले येतात. फळ वाटाण्याएवढे, पिकल्यावर काळे, आंबटगोड. पोरे ते आवडीने खातात. आतली साल वाखासारखी निघते, तिचा दोर वळतात. लाकूड चिवट आणि लवचीक, म्हणून कावडीच्या दांड्याला आणि कुऱ्हाडीच्या दांड्यालाही ते लोक पसंत करतात.

झाड ओळखले तरी काम अर्धेच झाले. फांदी सरळ हवी, गाठी नकोत. सालीवरच्या रेषा खोडाभोवती पिळासारख्या फिरत असतील तर आतला धागाही बहुधा पिळलेला असतो. ते लाकूड सोडून द्यावे. तुकडा करवतीने कापण्यापेक्षा पाचर मारून फोडावा, म्हणजे तो धाग्याच्या वाटेने फुटतो. मग सावलीत, घाई न करता वाळवावा. उन्हात टाकला तर टोकांना चिरा पडतात. वाकवल्यावर धनुष्याची बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली दाबली जाते. म्हणून बाहेरच्या बाजूचा धागा अखंड ठेवायचा आणि तासायचे ते आतून. काम झाले की दोरी उतरवून ठेवायची, नाहीतर लाकूड वाकलेलेच राहते.

बायबलमध्ये स्तोत्र ७८ मध्ये आणि होशेयाच्या पुस्तकात अविश्वासू लोकांना फसव्या धनुष्याची उपमा दिली आहे. धनुष्य हाताळणाऱ्यांना त्याचा अर्थ समजावून सांगावा लागला नसेल. वरून चांगले दिसणारे पण आतून पिळलेले लाकूड नेम धरल्यावर दगा देते. वाडीवरच्या आजोबांना हे शाळेत न जाता माहीत आहे.

मग ही विद्या मुलांपर्यंत का जात नाही? मुले आळशी झाली असे म्हणून आपण सुटू शकत नाही. बांबू तोडण्याचा काळ दिवाळीनंतरचा. नेमके तेव्हाच आपली कुटुंबे उचल घेऊन वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर जातात आणि पाऊस तोंडावर आला की परततात. ज्या दिवसांत लाकूड पाहायला आजोबांबरोबर डोंगरात जायचे, त्या दिवसांत मूल भट्टीवर विटा उलटत असते. अशी दहा वर्षे गेली की मुलाला कळक आणि भरीव बांबू यांतला फरक कोणी दाखवलेलाच नसतो.

यात नुकसान धनुष्यापुरते नाही. कातकरी समाज महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी गटांपैकी एक आहे. दुसरे दोन कोलाम आणि माडिया गोंड. खैराच्या लाकडापासून कात काढणारे म्हणून ज्यांना नाव मिळाले, त्यांच्यापैकी अनेकांच्या नावावर आज झोपडीखालची जमीनसुद्धा नाही. सामूहिक वनहक्काचा दावा करायला गेलो की पुरावा मागतात, आणि आपण म्हणतो, आमच्याकडे कागद नाही. पण वनहक्क कायद्याच्या नियमांत वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब पुरावा म्हणून धरला आहे. कंद, रानफळे आणि इतर गौण वनोपज गोळा करण्याच्या जागाही सामूहिक हक्काचा पुरावा ठरतात. बांबू हे या कायद्याप्रमाणे गौण वनोपज आहे. तेव्हा कोणत्या उतारावरचा बांबू चांगला, तो कोणत्या महिन्यात आणायचा, धामणीची साल आणि फळे कुठून येत, हे सांगणारे आजोबा वाडीच्या दाव्याचे साक्षीदार आहेत.

म्हणून यंदा काही कामे करू या. भट्टीला जाण्याआधी प्रत्येक वाडीत दोन-तीन ज्येष्ठ स्त्री-पुरुषांना घेऊन डोंगरात फेरी काढा. मुले बरोबर असू द्या. झाडाचे नाव, जागा, उपयोग, कधीपासून आणतात, हे तिथेच लिहून घ्या. वाचून दाखवा, अंगठा किंवा सही घ्या आणि ग्रामसभेच्या वनहक्क समितीपुढे ठेवा. धामणीची फळे पिकली की बी जमवा. वाडीजवळ रोपे लावू. दावा मंजूर होईपर्यंत वनातला बांबू विचारल्याशिवाय तोडू नका. धामणीचे उभे झाड तर परवानगीशिवाय तोडायचेच नाही. ताम्हिणी २०१३ पासून अभयारण्य आहे, तिथे अधिक जपून राहा. धनुष्य करून दाखवायला खासगी जागेतला, मालकाच्या संमतीने आणलेला बांबू पुरेल.

आणि मुलांच्या हातात धनुष्य द्यायला संकोच करू नका. निशाण मात्र गवताच्या पेंढीचे असू द्या. आपल्या देशातील तिरंदाजीत इंडियन राउंड हा देशी बनावटीच्या धनुष्याचा प्रकार आहे. राजस्थानातल्या उदयपूर जिल्ह्यातला लिंबाराम हा आदिवासी मुलगा बांबूच्या धनुष्यावर हात बसवून पुढे १९८८, १९९२ आणि १९९६ अशा तीन ऑलिंपिकमध्ये भारतासाठी खेळला. प्रत्येक मूल तिथवर जाईल असे मी म्हणत नाही. पण आपल्या आजोबांना जे येते त्याला किंमत आहे, हे त्याला कळले तरी पुष्कळ झाले.

दिवाळी जवळ आली आहे, मुकादम वाडीवर येतीलच. त्यांच्याआधी आपण वही घेऊन पोहोचू या. देव आपल्या कामाला यश देवो.