पितळ कुणाचं?

मी गोदीतला माणूस. मॅट्रिक झालो आणि पाठीवर पेट्या घेतल्या. पेटीवर काचेच्या पेल्याचं चित्र असलं की मुकादम ओरडतो, 'हळू, नाजूक माल आहे!' उचलणाराची पाठही नाजूक असते, हे कुठल्याच पेटीवर छापलेलं नसतं. म्हणून कलेवर बोल म्हटल्यावर मला आधी पेट्याच आठवल्या.

१८९७ साली अशा पेट्या आफ्रिकेतून इंग्लंडला गेल्या. आजच्या नायजेरियातलं बेनिन शहर. तिथल्या राजाला ओबा म्हणतात. नवा ओबा गादीवर आला की मेलेल्या बापाचं पितळी मस्तक ओतून घ्यायचा, वेदीवर मांडायचा, त्यात कोरीव हस्तिदंत खोवायचा. पूर्वजांशी बोलायची ती जागा. राजवाड्याच्या खांबांवर पितळी फलक: योद्धे, दरबारी, पोर्तुगीज. पोथ्या नव्हत्या. पितळ हीच त्यांची बखर.

फेब्रुवारी १८९७ मध्ये इंग्रजी फौज घुसली. शहर जळालं. ओबाला कालाबारला हद्दपार केलं. हजारो वस्तू लुटल्या, त्यातल्या कितीतरी मोहिमेच्या खर्चापायी विकल्या. वेदीवरचा बाप काचेच्या कपाटात गेला. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आजही नऊशेवर वस्तू आहेत. लोक येतात, बघतात, जातात. त्या मस्तकाशी बोलत कुणीच नाही.

इथवर टाळ्या वाजवणं सोपं आहे. आता पुढचं ऐका. हे पितळ आलं कुठून? पोर्तुगीज जहाजांतून, हातातल्या कड्यांच्या रूपात. 'मनिला' म्हणतात त्यांना. २०२३ मध्ये शास्त्रज्ञांनी तपासलं, तर त्यातलं बरंच पितळ जर्मनीतल्या ऱ्हाइनकाठचं निघालं. ती कडी देऊन गोऱ्यांनी मिरी घेतली, हस्तिदंत घेतले, आणि माणसंही घेतली. माणसं विकणाऱ्यांत बेनिनचे राजेही होते.

आणि ओतलं कुणी? इगुन गल्लीतल्या ओतारींनी. बापाचा धंदा पोरानं करायचा, तोही राजासाठी. मान होता त्यांना, नाही असं नाही. पण एकाही मस्तकावर त्यांचं नाव नाही. मातीवर मेणाचा मुखवटा, वरून मातीचं लिंपण, मग भट्टी. मेण वाहून जातं, त्या पोकळीत पितळ शिरतं. करणारा माणूस त्या मेणासारखाच वाहून गेला.

२०२२ मध्ये जर्मनीनं हजारावर वस्तूंची मालकी नायजेरियाला दिली. २०२५ मध्ये नेदरलँड्सनं ११९ वस्तू परत केल्या. चांगलं झालं. पण २०२३ मध्ये नायजेरियाच्या सरकारनं जाहीर केलं की परत आलेल्या वस्तूंचा मालक ओबा. त्याआधी, २०२२ मध्येच, अमेरिकेतले गुलामांचे वंशज कोर्टात गेले होते. त्यांचा सवाल साधा होता: आमच्या माणसांच्या किमतीचं हे पितळ, मग आमचा वाटा कुठाय?

पेटी परत गेलीच पाहिजे. चोराचं समर्थन मी करणार नाही. पण पेटी राजवाड्यात उतरली म्हणजे हिशेब मिटला, हेही मी म्हणणार नाही. कुणी तुम्हाला कला पवित्र आहे असं सांगितलं, तर हात जोडण्याआधी दोन प्रश्न विचारा: ही घडवली कुणी, आणि तिची किंमत कुणाच्या अंगावरून वसूल झाली?