मुशीवाचून स्फटिक

सोनाराच्या दुकानात बसून ज्यांनी सोने आटताना पाहिले असेल, त्यांना मुशीचे महत्त्व सांगावयास नको. मूस चांगली असली की सोने तीत सुखाने वितळते. सोन्याला मुशीचा आणि मुशीला सोन्याचा फारसा उपद्रव होत नाही. परंतु वितळणारा पदार्थच असा असला की तो आपले भांडे खाऊ लागतो, तर सोनाराने काय करावे? आज ज्या पदार्थासंबंधी आपल्याशी बोलावयाचे आहे, त्या सिलिकॉनची नेमकी हीच खोड आहे.

सिलिकॉन दुर्मिळ मुळीच नाही. नदीकाठच्या वाळूत ते ऑक्सिजनशी संयोग पावून पडलेले असते. पण ज्या यंत्रातून आपण हे भाषण ऐकत आहात, त्याच्या पोटातील सिलिकॉन फार वेगळ्या योग्यतेचे असावे लागते. सिलिकॉन हा अर्धवाहक पदार्थ. त्यात दर शंभर कोटी अणूंमागे बोरॉनचा किंवा फॉस्फरसचा एखादा अणू शिरला, तरी त्याचा विद्युत्-स्वभाव पालटतो. शिवाय सारे अणू एकाच शिस्तीत, एकाच अखंड स्फटिकात बसलेले हवेत. म्हणजे आधी रस करावयाचा आणि तो हळूहळू थिजवून त्यातून एकच स्फटिक वाढवावयाचा. रस म्हटला की भांडे आलेच. आणि सिलिकॉन वितळते १४१४ अंश सेल्सिअसला. एवढ्या उष्णतेत ते जवळजवळ प्रत्येक भांड्याशी काही ना काही देवघेव करते. गारेच्या, म्हणजे क्वार्ट्झच्या, मुशीचा त्यातल्या त्यात आधार. पण तीही झिजते आणि तिच्यातील ऑक्सिजन रसात उतरतो.

या अडचणीतून वाट निघाली ती एका निराळ्याच कल्पनेमुळे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या विल्यम फॅन यांनी ती १९५२ साली प्रसिद्ध केली. हे गृहस्थ त्या संस्थेत साधे मदतनीस म्हणून लागले होते आणि रात्रीच्या वर्गांना जाऊन त्यांनी पदवी मिळविली होती. त्यांची कल्पना आपल्या घरातही पडताळून पाहता येईल. सरबताचा बर्फ केला तर कडेचा भाग फिकट व पुळचट लागतो. रंग आणि गोडी मधोमध, शेवटी गोठणाऱ्या भागात गोळा होते. गोठणारा पदार्थ परक्याला सहसा आत घेत नाही, उरलेल्या रसात ढकलतो. फॅन यांनी जर्मेनियमची लांब कांब ग्रॅफाइटच्या नावेत ठेवली आणि तिचा केवळ एक अरुंद पट्टा वितळवून तो पट्टा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश चालविला. मागे शुद्ध जर्मेनियम थिजत गेले, केर पुढे सरकत गेला. केरसुणी पुन:पुन्हा फिरवावी तशी ही क्रिया केली, तेव्हा दर हजार कोटी अणूंत जेमतेम एक परका अणू उरेल इतकी शुद्धता साधली.

जर्मेनियम ९३८ अंशांस वितळते, म्हणून त्याला नाव चालली. सिलिकॉनने मात्र नाव नासवली. ते क्वार्ट्झला चिकटते आणि थिजताना पाण्यासारखे फुगते, त्यामुळे नाव व कांब दोन्ही तडकतात. मग विचार आला, नावच काढून टाकली तर? बेल प्रयोगशाळेतील हेन्री थ्यूरर, अमेरिकी सैन्याच्या संदेश विभागातील केक व गोले आणि जर्मनीत सीमेन्स कंपनीचे एमाइस, हे १९५२ ते १९५४ च्या दरम्यान स्वतंत्रपणे याच ठिकाणी पोहोचले.

कांब उभी धरावयाची, वरचे टोक वर पकडलेले, खालचे खाली. भोवती तांब्याच्या नळीचे वेटोळे; त्यातून दर सेकंदास वीस-तीस लाख वेळा दिशा बदलणारा प्रवाह सोडावयाचा. फॅरडे यांनी १८३१ साली दाखविलेल्या प्रवर्तनाने सिलिकॉनच्या अंगातच प्रवाह फिरू लागतात आणि ते आतून तापते. वेटोळे स्वत: थंडच, कारण नळीतून पाणी वाहत असते. गंमत अशी की थंड सिलिकॉन या प्रवाहास दाद देत नाही. आधी त्याला दुसऱ्या उपायाने ऊब द्यावी लागते. एकदा तापले की मग ते धातूप्रमाणे प्रवाह घेते.

आता मधला वितळलेला भाग खाली का सांडत नाही? पावसाळ्यात वळचणीला पागोळीचा थेंब क्षणभर लोंबकळतो, तो ज्या पृष्ठताणाने, त्यानेच हा रसही तोलून धरला जातो. वितळलेल्या सिलिकॉनचा पृष्ठताण पाण्याच्या सुमारे दहापट आहे, घनता मात्र अडीचपटच. हा निसर्गाचा प्रसादच म्हटला पाहिजे. तरीही दीडएक सेंटिमीटरपेक्षा उंच रस तग धरीत नाही. मोठ्या जाडीच्या कांबीसाठी म्हणून वेटोळ्याचे छिद्रच कांबीहून लहान ठेवतात. वरून वितळणारा रस सुईच्या नेढ्यातून दोरा जावा तसा त्यातून उतरतो आणि खाली पसरून थिजतो. हात चुकला की सारा रस वेटोळ्यावर सांडतो. आरंभी बीज-स्फटिकापासून काही मिलिमीटर जाडीची बारीक मान काढतात, म्हणजे अणूंच्या रांगांतील दोष मानेतच संपतात. विल्यम डॅश यांनी १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ही युक्ती दाखविली. पुढे कित्येक किलो वजनाचा स्फटिक त्या मानेवर उभा राहतो!

या पद्धतीने सगळे प्रश्न सुटले, असे मात्र नव्हे. बोरॉन घन व द्रव अशा दोन्ही रूपांतील सिलिकॉनमध्ये जवळजवळ सारखाच रमतो, म्हणून केरसुणीने तो निघत नाही. तो आधीच दूर करावा लागतो. आणि ज्या ऑक्सिजनला आपण दोष दिला, तो संगणकाच्या चकत्यांना उलट उपकारक ठरला. त्याने चकती बळकट होते आणि उपद्रवी धातू एका बाजूस अडकून पडतात. म्हणून आजही बहुतेक सिलिकॉन मुशीतूनच ओढून काढतात. त्याच्या चकत्या ३०० मिलिमीटर व्यासाच्या असतात, तर मुशीवाचूनच्या २०० पर्यंतच थांबतात.

पण जेथे हजारो व्होल्ट थोपवून धरावयाचे असतात, तेथे मुशीवाचूनचेच सिलिकॉन लागते. चंद्रपूरहून पडघ्यापर्यंत सुमारे साडेसातशे किलोमीटर वीज नेणारी १९९९ ची एकदिश प्रवाहाची वाहिनी आहे. तिच्यासारख्या वाहिन्यांच्या दोन्ही टोकांना थायरिस्टर नावाच्या झडपा असतात, आणि अशा झडपांच्या चकत्या या जातीच्या. त्यांत फॉस्फरस अगदी समप्रमाणात हवा, म्हणून तो बाहेरून घालीतही नाहीत. स्फटिक अणुभट्टीत ठेवतात. तेथे न्यूट्रॉन गिळून सिलिकॉनचेच काही अणू फॉस्फरस होऊन जातात.

सर्वांत नाजूक काम बर्लिनमध्ये २००७ साली झाले. किलोग्रॅमचे माप अणूंची गणती करून ठरविता यावे, म्हणून जवळजवळ केवळ २८ अणुभाराच्या सिलिकॉनचा सुमारे पाच किलोंचा स्फटिक तेथे वाढविण्यात आला. रशियात मोठ्या खर्चाने निवडून काढलेल्या या सिलिकॉनला क्वार्ट्झची मूस दाखविणेही शक्य नव्हते, कारण मूसही सिलिकॉनचीच, पण सरमिसळ अणुभारांची. त्या स्फटिकातून प्रत्येकी सुमारे एक किलो वजनाचे दोन गोळे घासून तयार केले. त्यांचा व्यास ९४ मिलिमीटरच्या जवळपास आहे. २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची जी नवी व्याख्या अमलात आली, तिच्या मागे या गोळ्यांतील अणूंची मोजदाद आहे.