रोजची एक ओवी



मी बोलायला आले म्हणजे बचत गटाचा हप्ता काढणार, असं तुम्हाला वाटलं असेल. हप्त्याबद्दलच बोलायचंय, पण पैशांच्या नाही.

मला लिहायची आवड. लग्न झालं, मुलं झाली, गटाचं काम आलं आणि लिहिणं मागं पडलं. तीन वर्षांपूर्वी दिवाळीला २०० पानी वही आणली. ठरवलं, रोज दुपारी एक तास लिहायचं. पाचव्या दिवशी पाहुणे आले आणि वही मिटली ती मिटलीच. पुढं ती मुलाच्या गणितात संपली.

माझ्या आजीला ढीगभर ओव्या यायच्या. "आजी, सुट्टीत निवांत बसून सगळ्या लिहून घेते," असं मी दरवर्षी म्हणायचे. ती निवांत सुट्टी आलीच नाही. आजी गेली, ओव्याही गेल्या.

गेल्या वर्षी सासूबाईंना विसर पडू लागला, तेव्हा मी घाबरले. वही घेऊन समोर बसले. "आई, ओव्या सांगा ना." त्या म्हणाल्या, "अशा नुसतं बसून कुठं आठवतात गं?" खरंच एकही आठवेना. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या तांदूळ निवडत होत्या. हात सुपात फिरत होता आणि ओवी आपोआप ओठांवर आली. मी गॅसवरचं दूध तसंच सोडून पेन शोधलं. दूध उतू गेलं, पण ओवी वहीत उतरली.

तेव्हा मला उमगलं. ओवीसाठी आपल्या बायांनी कधी वेगळा वेळ काढला नव्हता. पहाटे दळायचंच होतं, त्यातच ती बसवली. गावात गिरणी आली, हाताचे कष्ट वाचले, ते चांगलंच झालं. पण जातं कोपऱ्यात गेलं आणि ओवीची दिवसातली जागाही गेली.

खानदेशच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, घरात काम करता करता त्या गाणी रचत. मुलानं, सोपानदेवांनी ती लिहून ठेवली, म्हणून त्यांच्यामागं १९५२ साली पुस्तक निघालं आणि आज ती आपल्यापर्यंत आली. रचणारीला कामाची लय होती आणि लिहून घेणारा घरातच होता.

म्हणून सांगते, तुमची कला कोणतीही असो, गोधडी, रांगोळी, गाणं, लिहिणं. ती रोजच्या कामाला बांधा. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत गोधडीची एक ओळ. दूध तापेपर्यंत वहीत एक ओळ. माप एवढं लहान ठेवा की पाहुणे आले तरी चुकणार नाही. सामान हाताशी ठेवा. माझी वही आता कपाटात नसते, मिसळणाच्या डब्याशेजारी असते. तिला हळदीचे डाग पडलेत, पडू देत.

आणि खाडा पडला तर? गटात हप्ता चुकला की आपण दंड लावतो. इथं दंड नाही. कापणीच्या दिवसांत माझे १९ दिवस गेले. विसाव्या दिवशी मागची भरपाई करायला बसले नाही. एकच ओवी लिहिली आणि पुढं निघाले.

आज वहीत ११४ ओव्या आहेत. सासूबाई परवा धाकट्या नातवाचं नाव विसरल्या. माझ्या पोटात गोळा आला. पण संध्याकाळी शेंगा फोडताना त्यांनी एक नवीच ओवी म्हटली, एसटीनं शाळेला जाणाऱ्या नातवाची. त्यात त्याचं नाव बरोबर आलं होतं. मी लिहून घेतलं. आता त्याच मला विचारतात, "आजची लिहिलीस का गं?"

मैत्रिणींनो, तुमच्याही घरात कुणाकडे तरी अशा ओव्या, गाणी, गोष्टी असतील. सगळ्या लिहायचं मनात आणू नका. उद्या सकाळी एक लिहा.