गावचा बंदोबस्त आणि आपली मुले

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात चौल येथे केलेले भाषण)



आपल्या संमेलनात दरवर्षी विद्यार्थ्यांचा गुणगौरव होतो, वधूवर सूचक विभागाचा वृत्तांत वाचला जातो, शिष्यवृत्तीच्या निधीत किती भर पडली ते सांगितले जाते. यंदा कार्यकारी समितीने आम्हांस ‘गावची सुरक्षितता, पोलीस व तरुण मुलांच्या टोळ्या’ या विषयावर बोलण्याची आज्ञा केली. गुणगौरवाच्या मंगल प्रसंगी हा विषय अप्रशस्त आहे, असे काही वडीलधाऱ्यांनी आम्हांस सुचविले. त्यांचा मान राखून आम्ही एवढेच म्हणतो की, ज्या मुलाच्या हाती आपण आज पारितोषिक देतो, त्याच मुलाबरोबर शाळेच्या बाकावर बसलेला दुसरा मुलगा आज या मंडपात नाही. तो कोठे आहे, हे विचारण्याचा अधिकार ज्ञातिसंस्थेस नसेल तर मग कोणास आहे?

परक्या माणसांची ये-जा चौलास नवी नाही. हे प्राचीन बंदर. रशियाचा प्रवासी अफनासी निकितिन पंधराव्या शतकात येथेच उतरला. पुढे पोर्तुगीजांनी रेवदंड्यास तट बांधला आणि १७४० साली तो मराठ्यांकडे आला. बंदर गाळाने भरले, व्यापार गेला, आणि पुढच्या कित्येक पिढ्या आपण नारळी-पोफळीच्या सावलीत शांतपणे राहिलो. ती शांतता आता उरलेली नाही. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा अशी मोटारी वाहून नेणारी रो-रो बोट सुरू झाली, आणि शनिवार-रविवारी अलिबाग-मुरूड रस्त्यावर रांगा लागू लागल्या. वाड्यांतून पाहुण्यांसाठी खोल्या निघाल्या. त्यात पैसा आहे आणि तो आपल्याच लोकांस मिळतो; म्हणून पर्यटकांस नुसती नावे ठेवण्यात आम्हांस स्वारस्य नाही. परंतु त्याचबरोबर आपल्या निम्म्या घरांतील कर्ती माणसे मुंबई-पनवेलीस, घरात दोन वृद्ध जीव, वाडीत विहिरीवरचा पंप, आणि रात्री बारा वाजता नाक्यावर कोण उभे आहे ते ओळखणारा कोणी नाही, अशी आपली स्थिती झाली आहे.

आता ‘टोळी’ या शब्दाविषयी. हा शब्द आपण फार सहज वापरतो. संध्याकाळी पुलाच्या कठड्यावर बसून मोठ्याने हसणारी पाच मुले ही टोळी नव्हे. आम्ही फळ्यासमोर जन्म घालविला. मुलांचा गलबला आम्हांस भीतिदायक वाटत नाही. टोळी कशी होते ते आम्ही जवळून पाहिले आहे. आठवी-नववीत एखादा मुलगा अभ्यासात मागे पडतो, शाळा चुकवू लागतो, आणि घरी ते कळेपर्यंत तीन महिने गेलेले असतात. त्या तीन महिन्यांत त्यास कोणीतरी चहा पाजलेला असतो, मोटारसायकल चालवावयास दिलेली असते. हा ‘कोणीतरी’ पंधरा वर्षांचा नसतो. तो पंचवीस-सव्वीस वर्षांचा असतो, त्याचा काहीतरी धंदा असतो आणि त्या धंद्यास लहान हात हवे असतात. पुण्यात कोयता हाती घेऊन दहशत माजविणाऱ्या मुलांच्या बातम्या २०२२-२३ पासून आपण वाचीत आलो. त्यांत अल्पवयीन मुले किती वेळा आढळली ते आठवावे. कोयत्याने वाढदिवसाचा केक कापावयाचा, त्याचे चलच्चित्र मोबाईलवर पसरवावयाचे, मग पोलिसांनी शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवावयाचा, हा प्रकार महाराष्ट्रात अनेक गावी घडला आहे. कोयता हे आपल्या प्रत्येक वाडीतले रोजचे हत्यार. त्याने नारळ सोलावा, झावळी तोडावी. त्यास असे दिवस यावेत याचे आम्हांस राहून राहून वाईट वाटते. जाता जाता एक सांगतो: नाक्यावर लागणाऱ्या वाढदिवसाच्या फलकांवर कोण्या ‘भाऊं’च्या छायाचित्राखाली चाळीस शुभेच्छुकांची छायाचित्रे असतात. त्यांत मिसरूड न फुटलेली आपली मुले किती, ते एकदा थांबून मोजावे.

कायद्याने या वडीलधाऱ्या ‘भाऊं’ची दखल घेतलेली आहे, हे फार थोड्यांस ठाऊक आहे. २०१५ च्या बालन्याय अधिनियमाच्या ८३ व्या कलमाप्रमाणे, प्रौढ व्यक्तीने किंवा प्रौढांच्या गटाने मुलांचा बेकायदेशीर कामासाठी वापर केल्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व पाच लाख रुपये दंड होऊ शकतो. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ११२ व्या कलमात टोळीने केलेल्या चोऱ्या, हिसकाहिसकी व जुगार यांसाठी निराळी शिक्षा सांगितली आहे. म्हणजे पोलिसांकडे जाताना ‘आमची मुले बिघडली’ असे म्हणत जाण्याचे कारण नाही. ‘मुलांना वापरणारा हा मनुष्य आहे’ असे म्हणत जाता येते.

पोलिसांशी गावाने बोलावे कसे, हा खरा प्रश्न. पूर्वी ते काम पाटील करीत असे. १९६२ च्या कायद्याने पाटीलकीची वतने गेली, आणि १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमाने नेमणुकीचा पोलीस पाटील आला. तो आजही आहे. परंतु एका माणसाने सगळ्या वाड्या-पाखाड्यांचे कान व्हावे ही अपेक्षा अवास्तव आहे. या बाबतीत ठाणे जिल्ह्यातील भिवंडीचा दाखला आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. त्या शहराने १९७० व १९८४ असे दोन भयंकर दंगे पाहिले. १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेले सुरेश खोपडे यांनी तेथे मोहल्ला समित्या स्थापिल्या. समितीत हिंदू व मुसलमान दोन्ही समाजांची माणसे घेतली. नामांकित पुढारी आणि गुन्हेगार दोघांनाही बाहेर ठेविले. साधे दुकानदार, कामगार, शिक्षक आत घेतले. आणि मुख्य म्हणजे काही घडलेले नसतानाही बैठका नियमाने भरविल्या. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असता भिवंडी शांत राहिली. पुढे मुंबईतही पोलीस आयुक्त सतीश सहानी, ज्युलिओ रिबेरो व सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने मोहल्ला समित्यांचे कार्य उभे राहिले आणि वस्तीतल्या तरुणांचे क्रिकेटचे सामने भरू लागले.

आपल्या किनाऱ्यावरही याचे एक रूप आहे. १९९३ च्या बॉम्बस्फोटांतील स्फोटके आपल्याच जिल्ह्यात, श्रीवर्धन तालुक्यातील शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरली होती, आणि त्या खटल्यात काही सीमाशुल्क व पोलीस कर्मचारीही दोषी ठरले. त्यानंतरच्या काळात कोळी बांधवांच्या व किनाऱ्यावरील तरुणांच्या सहभागाने सागर रक्षक दले उभी राहिली. ज्या वयाची मुले रात्री उनाडतात म्हणून आपण तक्रार करितो, त्याच वयाच्या मुलांना कोळीवाड्यात समुद्रावर लक्ष ठेवण्याचे काम दिले जाते. हा फरक मुलांच्या जातीचा नाही, दिलेल्या कामाचा आहे.

येथे आम्हांस जे म्हणावयाचे आहे ते काहींना रुचणार नाही. मंडळाने आपले शिष्टमंडळ घेऊन ठाण्यात जावे, असा ठराव समितीपुढे आला आहे. आमचे मत असे की, ज्ञातिसंस्थेने या कामी एकटीने जाऊ नये. भिवंडीची समिती टिकली ती मिश्र होती म्हणून. एक समाज ठाण्यात गेला की दुसऱ्या आठवड्यात दुसरा जातो, तिसऱ्यात तिसरा, आणि प्रत्येक जण दुसऱ्याच्या मुलांची नावे सांगून परत येतो. अधिकाऱ्याने कोणाचे खरे मानावे? आगरी, कोळी, भंडारी, माळी, मुसलमान, बौद्ध, सर्वांचे दोन-दोन प्रतिनिधी एका चटईवर बसले, तरच ते बोलणे गावचे बोलणे होईल.

नावांच्या यादीविषयी तर आमचा स्पष्ट विरोध आहे. ‘संशयित मुलांची यादी करून द्यावी’ अशी सूचना सद्भावनेने आलेली आहे, हे आम्ही जाणतो. परंतु यादीत पहिले नाव कोणाचे पडेल? ज्याचा बाप बोटीवर मजुरीस जातो आणि ज्याच्या बाजूने बोलावयास कोणी नाही, त्याचे. ज्याच्या काकांची पंचायतीत ऊठबस आहे, त्याचे नाव यादीत येणार नाही. एकदा पोलिसी नोंद झाली की पुढे नोकरीसाठी चारित्र्य पडताळणी, पारपत्र, सर्वत्र ती आडवी येते. प्रत्यक्ष घडलेल्या कृत्याची तक्रार करावी. ती सहीनिशी करावी, तारीख-वार घालून करावी. दखलपात्र गुन्ह्याच्या प्रथम खबरीची प्रत फिर्यादीस विनामूल्य मिळते. अदखलपात्र असेल तर तशी नोंद होते व पुढचा मार्ग दंडाधिकाऱ्यांकडे असतो. ‘साहेबांच्या कानावर घातले आहे’ ही तक्रार नव्हे.

याची दुसरी बाजू अधिक कडू आहे. काही वर्षांपूर्वी एका खेळाच्या सामन्यात मारामारी झाली व एका मुलाच्या डोळ्यास इजा झाली. गाव कोणते, ते सांगण्याचे प्रयोजन नाही. मारणारा सुखवस्तू घरचा, मार खाणारा गरीब घरचा आणि दुसऱ्या ज्ञातीचा. चार पंच बसले, औषधपाण्याचे पैसे दिले गेले, ‘मुलाच्या आयुष्याचे नुकसान नको’ असे सर्वांनी म्हटले. कोणत्या मुलाच्या आयुष्याचे, हे कोणी विचारले नाही. मारणाऱ्याने त्यातून एवढेच शिकून घेतले की एका डोळ्याची किंमत अमुक इतकी आहे आणि ती वडील देतात. पोलिसांनी आपल्यावर विश्वास ठेवावा अशी इच्छा असेल, तर आपला मुलगा चुकला त्या दिवशी आपण काय करितो, त्यावरच तो विश्वास ठरेल.

मुलगा चुकला तर कायदा त्यास गिळून टाकील, या भयानेच पालक प्रकरण दडपतात. म्हणून थोडी माहिती देतो. अठरा वर्षांखालील मुलास पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. त्यास बालकल्याण पोलीस अधिकाऱ्याच्या स्वाधीन करून चोवीस तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे न्यावे लागते. त्याचे नाव वा छायाचित्र प्रसिद्ध करणे हा गुन्हा आहे. सोळा ते अठरा वयाच्या मुलाने अतिनिर्घृण गुन्हा केल्याचा आरोप असेल, तर मंडळ प्राथमिक तपासणी करून खटला बाल न्यायालयाकडे पाठवू शकते. इतर बाबतींत कायद्याचा रोख मुलास सुधारण्यावर आहे.

यात वयाचा पुरावा म्हणून पहिला मान शाळेच्या दाखल्यास किंवा शालान्त प्रमाणपत्रास आहे. पंचायतीचा जन्मदाखला त्यानंतर येतो. येथे आम्हां शिक्षकांच्या एका जुन्या रिवाजाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. पूर्वी मूल शाळेत घालताना जन्मतारीख ठाऊक नसेल तर गुरुजी खुशाल १ जून लिहीत. या मंडपातसुद्धा १ जूनला जन्मलेले किती आहेत, ते हात वर केल्यास कळेल! आता जन्मनोंदणी होते. तरीही कोणी मूल लवकर पहिलीत बसावे म्हणून चार महिने वाढवितो. पुढे त्या चार महिन्यांत मुलाकडून काही घडले तर तो बाल न्याय मंडळापुढे जाईल की प्रौढांच्या न्यायालयात, हे त्या एका ओळीवर ठरेल. दाखल्याची व जन्मनोंदीची तारीख एकच आहे ना, ते प्रत्येकाने घरी जाऊन पाहावे.

मुलींविषयी बोलण्यास आम्ही अधिकारी नाही, आणि आमचे सांगणेही तेच आहे. सुरक्षिततेच्या बैठकीत पुरुष बसतात व मुलींनी किती वाजता घरी यावे ते ठरवितात. अलिबागेस महाविद्यालयात एस.टी.ने जाणाऱ्या मुलींना कोणत्या थांब्यावर दिवा नाही, कोठे कोण पाठीमागे येतो, हे ठाऊक असते. त्यांना कोणी विचारीत नाही. विचारले असता त्यांनी आम्हांस अर्ध्या तासात जे सांगितले, ते समितीच्या तीन बैठकांत निघाले नव्हते. त्यातील निम्मे काम पोलिसांचे नव्हेच, ग्रामपंचायतीच्या विजेच्या दिव्यांचे आहे.

मार्गशीर्ष पौर्णिमेस भोवाळ्याच्या डोंगरावर दत्तमहाराजांची यात्रा भरेल. पाच दिवस गर्दी, पाळणे, दुकाने, रात्रीची ये-जा. सणा-उत्सवांपूर्वी पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक होते आणि तीत नेहमीची माणसे चहा घेऊन परत येतात. यंदा त्या बैठकीस गावातील सर्व समाजांनी मिळून जावे व प्रत्येकाने एक प्रौढ, एक स्त्री आणि पंचवीस वर्षांखालील एक तरुण असे तिघे पाठवावेत, असे पत्र आम्ही तयार केले आहे. त्यात मागण्या तीनच आहेत: आपल्या भागाच्या हवालदारांचे नाव व दूरध्वनी क्रमांक प्रत्येक पाखाडीत लावला जावा, यात्रा आटोपल्यावरही दर दोन महिन्यांनी अशी बैठक व्हावी, आणि पायऱ्यांवरच्या व वाहनतळाच्या व्यवस्थेत गावच्या मुलांना स्वयंसेवक म्हणून पोलिसांबरोबर उभे करावे. स्वयंसेवकांत कोणास घ्यावे यावर समितीत वाद झाला. गुणवंत विद्यार्थ्यांची नावे पुढे आली. आमचा आग्रह असा की, त्यांच्याबरोबर पुलाच्या कठड्यावर बसणारी मुलेही घ्यावीत. त्यांपैकी सहा जणांशी आम्ही बोललो आहोत. चौघे तयार आहेत, एकाने शिट्टी मिळेल का असे विचारले, आणि सहावा अद्याप विचार करीत आहे.

पत्र चिटणीसांच्या टेबलावर ठेविले आहे. भोजनास जाण्यापूर्वी ज्यांस सही करावयाची असेल त्यांनी करावी. माता-भगिनींसाठी निराळा रकाना ठेविलेला नाही. एकाच रकान्यात सर्वांनी सही करावयाची आहे.