लक्षणाआधीची तपासणी
(दहावी १९९५ च्या बॅचच्या स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजन समितीने मला सांगितलं, "तू अमेरिकेत राहतेस, तिथल्या आयुष्याबद्दल दहा मिनिटं बोल." तिथला बर्फ, तिथली नोकरी, तिथल्या मुलांचं मराठी या सगळ्यावर आपण व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भरपूर बोललो आहोत. म्हणून मी असा विषय घेतला आहे, जो ग्रुपवर कुणी काढत नाही. विषय आहे कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी. मागच्या रांगेत हसू सुरू झालेलं दिसतंय. दहावीत पचनसंस्थेची आकृती फळ्यावर आली तेव्हाही त्याच रांगेत हसू झालं होतं. हसा, पण ऐका. कारण आपण सगळे आता पंचेचाळीस-सेहेचाळीसचे झालो आहोत आणि ही तपासणी नेमकी याच वयाची आहे.

आधी तपासणी काय आहे ते थोडक्यात सांगते. मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तरावर कधीकधी छोटे कोंब उगवतात, त्यांना पॉलिप म्हणतात. बहुतेक पॉलिप निरुपद्रवी राहतात. काहींचं मात्र हळूहळू कॅन्सरमध्ये रूपांतर होतं आणि त्याला बहुधा दहा वर्षं किंवा त्याहूनही जास्त काळ लागतो. एवढी लांब मुदत देणारे आजार फार थोडे. १९६९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये विल्यम वुल्फ आणि हिरोमी शिन्या या दोन डॉक्टरांनी लवचीक दुर्बिणीतूनच तारेचा फास टाकून पॉलिप काढण्याची पद्धत सुरू केली. त्याआधी पोट उघडावं लागत असे. म्हणजे या तपासणीत नुसता आजार सापडतो असं नाही, तर पॉलिप तिथेच काढला की पुढचा आजार होण्याआधीच टळतो. रक्ताच्या किंवा सोनोग्राफीच्या तपासणीत हे होत नाही.

आता वयाचं. अमेरिकेत २०२१ पर्यंत ही तपासणी पन्नाशीला सुरू करा असं सांगत. तरुणांमध्ये हा कॅन्सर वाढताना दिसला म्हणून त्या वर्षी तिथल्या सरकारी तज्ज्ञ मंडळाने ते वय ४५ वर आणलं. 'ब्लॅक पँथर'चा नायक चॅडविक बोसमन २०२० मध्ये याच आजाराने गेला, तेव्हा तो फक्त ४३ वर्षांचा होता. भारतात या आजाराचं प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी आहे, हे खरं. पण हवाईत स्थायिक झालेल्या जपानी लोकांचा जुना अभ्यास सांगतो की देश बदलला, जेवण बदललं की हा धोकाही एक-दोन पिढ्यांत त्या देशासारखा होतो. आपल्यापैकी जे वीस-पंचवीस वर्षं बाहेर आहेत, त्यांनी "आपल्याकडे हे होत नाही" या भरवशावर राहू नये.

माझ्यासाठी हा विषय पुस्तकी नाही. माझ्या बाबांना तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं आहे. गॅदरिंगला पडदे बांधायला ते दरवर्षी यायचे. २००७ च्या सुमारास त्यांना शौचातून रक्त जायला लागलं. आपल्या घरांमध्ये अशा रक्ताला एकच नाव असतं, मूळव्याध. तिखट बंद झालं, चूर्ण सुरू झालं, सुरणाची भाजी सुरू झाली. कधी बरं वाटायचं, कधी पुन्हा रक्त. असं दीड वर्ष गेलं. दुर्बिणीची तपासणी झाली तेव्हा ते ५७ वर्षांचे होते आणि आजार यकृतापर्यंत पोचला होता. २०१० मध्ये ते गेले. त्या दीड वर्षात घरात कुणीही निष्काळजी नव्हतं. सगळे काळजीच घेत होते, पण दुसऱ्याच आजाराची.

आई-वडील किंवा सख्ख्या भावंडांपैकी कुणाला साठीच्या आत हा कॅन्सर झाला असेल, तर तपासणी चाळिशीला, किंवा त्या व्यक्तीला ज्या वयात आजार कळला त्याच्या दहा वर्षं आधी, यापैकी जे लवकर असेल तेव्हा सुरू करावी असा संकेत आहे. माझी चाळिशी २०१९ मध्ये आली. मी न्यू जर्सीत होते, नोकरी होती, विमाही होता. मला वाटलं, फोन करायचा आणि तारीख घ्यायची. तिथे कळलं की अमेरिकेत एकाच तपासणीला दोन नावं असतात.

तुम्हाला काही त्रास नाही आणि तुमचं वय यादीत बसतं, तर ती 'स्क्रीनिंग' असते. २०१० च्या आरोग्य कायद्यानुसार बहुतेक विमा कंपन्यांना तिचा पूर्ण खर्च द्यावा लागतो आणि तुमच्या खिशातून काही जात नाही. पण रक्त गेलं, पोट दुखलं, वजन उतरलं म्हणून तीच तपासणी केली, तर ती 'डायग्नॉस्टिक' होते. मग आधी तुमच्या डिडक्टिबलची रक्कम, म्हणजे विमा सुरू होण्यापूर्वी स्वतः भरायचा वार्षिक खर्च, तुमच्याकडूनच जाते. दुर्बीण तीच, डॉक्टर तेच, खोली तीच. फॉर्मवरचा कोड तेवढा वेगळा. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना एक फ्लॅग बदलला की सगळा प्रोग्राम वेगळ्या वाटेने जातो याची सवय असते, पण इथे त्या फ्लॅगची किंमत काही हजार डॉलर होती. माझं वय तेव्हाच्या यादीत बसत नव्हतं. मला आलेला अंदाज साडेतीन हजार डॉलरचा होता, म्हणजे त्या वेळचे जवळजवळ अडीच लाख रुपये. तोही चार तुकड्यांत: डॉक्टर वेगळे, जागेचं भाडं वेगळं, भूलतज्ज्ञ वेगळे आणि पॅथॉलॉजी वेगळी.

दिवाळीला इकडे यायचं तिकीट आधीच काढलेलं होतं. तेव्हा त्यावर औरंगाबाद लिहिलं होतं. मी इथल्या एका पोटविकारतज्ज्ञांकडे तपासणी करून घेतली. एक लहानसा पॉलिप निघाला, तो तिथेच काढला. पॉलिप काढणं, भूल आणि बायोप्सी धरून सतरा हजार रुपयांच्या आसपास खर्च आला. बायोप्सीचा अहवाल आला: पुढे कॅन्सर होऊ शकणाऱ्या जातीचा पॉलिप, पण अजून कॅन्सर नाही. पाच वर्षांनी पुन्हा तपासणी करा, असं सांगितलं.

इकडे येऊन तपासणी करणाऱ्यांसाठी चार गोष्टी सांगते.

पहिली, तपासणी सुट्टीच्या पहिल्या आठवड्यात करा. पॉलिप काढला असेल तर त्या जागेतून दोन आठवड्यांपर्यंत रक्तस्राव होऊ शकतो आणि तो चौदा तासांच्या विमानप्रवासात होऊ नये. बायोप्सीच्या अहवालालाही काही दिवस लागतात.

दुसरी, पूर्वतयारी. तपासणी निम्मी डॉक्टरांच्या हातात असते आणि निम्मी तुमच्या. आतडं स्वच्छ नसेल तर पॉलिप दिसत नाही आणि पैसे वाया जातात. दोन-तीन दिवस आधीपासून भाकरी, शेंगदाण्याची चटणी, पालेभाज्या, पेरू, डाळिंब हे सगळं बंद. आदल्या दिवशी फक्त पातळ आणि पारदर्शक: नारळपाणी, साखरपाणी, वरणाचं गाळलेलं पाणी. कोकम सरबत नको; त्याचा लाल रंग आत रक्तासारखा दिसतो. पोट साफ करणारं औषध अर्धं संध्याकाळी आणि अर्धं पहाटे घ्यायला सांगतात, ते कंटाळून एकदम पिऊ नका. दिवाळीत फराळाच्या घरात हे पथ्य पाळणं अवघड जातं, म्हणून मी भाऊबीज झाल्यावरची तारीख घेतली होती. रक्त पातळ करणारी किंवा मधुमेहाची औषधं चालू असतील तर तारीख ठरवतानाच डॉक्टरांना सांगा.

तिसरी, कागद. अहवालात दुर्बीण मोठ्या आतड्याच्या टोकापर्यंत पोचली का, आतडं किती स्वच्छ होतं, पॉलिप किती, कुठे आणि किती मिलिमीटरचे होते हे लिहिलेलं असावं. फोटो आणि बायोप्सीचा अहवालही मागून घ्या. हे नसेल तर तिकडचा डॉक्टर पुढची तारीख ठरवू शकत नाही.

चौथी, विमा. आपल्याकडच्या मेडिक्लेममध्ये निव्वळ तपासणीचा खर्च सहसा मिळत नाही, तेव्हा त्यावर विसंबू नका. अमेरिकेत ज्यांचं एचएसए खातं आहे, त्यांना मात्र परदेशात केलेल्या अशा वैद्यकीय खर्चासाठी त्यातले करमुक्त पैसे वापरता येतात. पावती जपून ठेवा.

दुसऱ्या तपासणीची वेळ २०२४ मध्ये आली. त्या वर्षी येणं शक्य नव्हतं, म्हणून ती तिकडेच केली. आता माझं वय यादीत बसत होतं, पण आधी पॉलिप निघालेला असल्यामुळे माझ्या विम्यात ही तपासणीही फुकट नव्हती. या वेळी मी आधी दर विचारले. मोठ्या हॉस्पिटलच्या इमारतीत आणि स्वतंत्र सर्जरी सेंटरमध्ये, त्याच डॉक्टरांच्या हातून होणाऱ्या तपासणीच्या रकमेत दुपटीहून जास्त फरक होता. सेंटर निवडलं. भूलतज्ज्ञ आणि पॅथॉलॉजीची लॅबही विम्याच्या यादीतली आहे ना, हे लेखी विचारलं. सगळं मिळून दीड हजार डॉलरच्या आत बसलं. विमा नसलेल्यांना किंवा स्वतः पैसे भरणाऱ्यांना २०२२ पासून तिथे खर्चाचा लेखी अंदाज आधी मागण्याचा कायदेशीर हक्क आहे. तो मागायला लाजू नका; आपण गुलमंडीत साडी घेतानाही भाव विचारतोच की.

तिथली एक अडचण पैशाची नाही. भूल दिल्यामुळे तुम्हाला एकट्याने घरी सोडत नाहीत, टॅक्सीनेही नाही. सोबत कुणीतरी ओळखीचं लागतं. परदेशात एकटं राहणाऱ्यांची तपासणी या एका कारणाने वर्षानुवर्षं पुढे ढकलली जाते. इथे हॉस्पिटलात माझ्यासोबत पाच जण होते आणि त्यातल्या तिघांची गरज नव्हती. तिकडे मी मराठी मंडळातल्या एका मैत्रिणीला विचारलं. तिने रजा घेतली आणि पुढच्या महिन्यात मी तिच्यासाठी रजा घेतली. ज्या गावात चार मराठी घरं आहेत, तिथे ही अदलाबदल सहज जमेल.

बाकी देशांतल्यांसाठी थोडक्यात. इंग्लंडमध्ये ५० ते ७४ वयाच्या लोकांना दर दोन वर्षांनी घरपोच किट येतं. शौचाचा नमुना परत पाठवायचा, त्यात डोळ्यांना न दिसणारं रक्त तपासतात, सगळं मोफत. ते पाकीट कचऱ्यात टाकू नका. ऑस्ट्रेलियात २०२४ पासून पंचेचाळिशीपासून असं किट मागवता येतं. आखाती देशांत कंपनीचा विमा असतो. तपासणीआधी मंजुरी घ्या. आणि आई-वडिलांना सहा महिन्यांसाठी बोलावणाऱ्या सगळ्यांना एक सांगणं: व्हिजिटर विम्यात अशा तपासण्या सहसा बसत नाहीत. त्यांना काही तक्रार असेल तर विमानात बसवण्याआधी इथेच बघून घ्या.

आता इथे राहणाऱ्या तुमच्यासाठी. भारतात सरकारी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कॅन्सरची तपासणी होते, मोठ्या आतड्याची नाही. तुम्हाला कुणी किट पाठवणार नाही. पण शौचातलं न दिसणारं रक्त तपासणारी चाचणी आपल्या शहरातल्या लॅबमध्ये काही शे रुपयांत होते. त्यात रक्त आढळलं तरच दुर्बिणीची तपासणी लागते. आणि दिसण्याइतकं रक्त जात असेल, तर चाचणीची वाटही बघू नका. मूळव्याध असेलही, बहुतेक वेळा असतेच. पण ती आहे हे डॉक्टरांनी तपासून सांगू दे, शेजाऱ्यांनी नको.

मी सांगितलेले आकडे देशागणिक बदलतील, कायदेही बदलतील. एक गोष्ट बदलणार नाही. लक्षण दिसण्याआधी केलेली तपासणी आणि लक्षण दिसल्यावर केलेली तपासणी यांत अमेरिकेची विमा कंपनी फरक करते, तसाच फरक हा आजारही करतो. आधी केली तर स्वस्त पडते आणि बहुधा एका दिवसात विषय संपतो. नंतर केली तर पैसा, वेळ आणि माणूस, तिन्ही पणाला लागतात.

तेव्हा आज जेवणानंतर एक काम करा. घरी फोन करून विचारा, आपल्या घरात पोटाच्या आजाराने कोण गेलं, कोणत्या वयात आणि तेव्हा नेमकं काय निदान झालं होतं. काका-आत्या, मामा-मावशी सगळ्यांचं विचारा. हे सांगणारी पिढी अजून आहे, तोवर लिहून ठेवा. तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा. अर्ध्या तासाच्या तपासणीला घाबरून पुढची दहा वर्षं पणाला लावू नका.

आपली पस्तिसावी भेट २०३० मध्ये होईल. तेव्हा या सभागृहातली एकही खुर्ची या कारणाने रिकामी नसावी, एवढीच इच्छा.