नवे तारे आणि वेधशाळांचा शेजारधर्म

ज्योतिर्विद्या हें सावकाशीचें शास्त्र आहे असा आपला सर्वांचा समज असतो. ग्रहणाची वेळ शंभर वर्षें आधीं सांगतां येते. ध्रुव आज ढगाआड गेला तर उद्यां दिसतो. परंतु आकाशांत अशाहि गोष्टी घडतात कीं, ज्यांना उद्यां नाहीं. एखादा तारा फुटून अतिनवतारा होतो. त्याच्या पहिल्या कांहीं तासांतील प्रकाश कोणीं टिपला नाहीं, तर तो पुन्हां कोणालाहि मिळावयाचा नाहीं. त्यांत पृथ्वी फिरत राहते. ज्या वेधशाळेनें तो तारा प्रथम पाहिला, तिच्यापुढून तो चार-सहा तासांत मावळतो, किंवा तिच्यावर सूर्य तरी उगवतो. अशा वेळीं पश्चिमेकडील शेजाऱ्याला हांक मारण्यावांचून गत्यंतर नसतें.

या हांकेची सोय जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शोधांची वार्ता तारायंत्रानें वेधशाळांना कळविणारी एक कचेरी जर्मनींत कील येथें निघाली. पुढें ती कोपनहेगनला गेली व १९६५ सालीं अमेरिकेंतील केंब्रिज येथें आली. १९८७ च्या फेब्रुवारींत मोठ्या मॅजेलन मेघांत अतिनवतारा दिसला, तेव्हां चिलीच्या डोंगरावरून निरोप गेला तो याच कचेरीला. आज निरोप कांहीं सेकंदांत जगभर पोंचतो. पण निरोप जलद झाला म्हणून काम सोपें झालें, असें मात्र नव्हे. याचा दाखला म्हणून २०१७ सालची एक हकीकत सांगतों. ती अतिनवताऱ्याची नाहीं, त्याहूनहि अल्पायुषी अशा एका प्रकाशाची आहे.

त्या वर्षीं १७ ऑगस्ट रोजीं, आपल्या घड्याळाप्रमाणें सायंकाळीं सहा वाजून अकरा मिनिटांनीं, अमेरिकेंतील लायगो यंत्रांना गुरुत्वीय लहरींचा एक कंप जाणवला. सुमारें शंभर सेकंद तो टिकला. दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांभोवतीं गिरक्या घेत घेत अखेर एकमेकांवर आदळले होते. त्यानंतर दोन सेकंद होण्याच्या आंत फर्मी नांवाच्या उपग्रहानें गॅमा किरणांचा एक झोत टिपला. दोन निराळ्या तऱ्हेच्या यंत्रांनीं एकाच घटनेची ग्वाही दिली होती. आतां प्रश्न एवढाच कीं, आकाशांत पाहावयाचें कोठें?

येथें घोटाळा झाला. लायगोचीं यंत्रें दोन. एक हॅनफर्डला, दुसरें लिव्हिंग्स्टनला. नेमका त्याच क्षणीं लिव्हिंग्स्टनच्या यंत्रांत एक खरखर उमटली आणि स्वयंचलित तपासणीनें तेथील नोंद बाजूला टाकली. माणसांनीं ती नोंद स्वतः पाहिली, खरखर वगळली, तेव्हां खालचा कंप स्पष्ट दिसला. इटलींत पिसाजवळ व्हर्गो हें तिसरें यंत्र जेमतेम सोळा दिवसांपूर्वीं या कामांत सामील झालें होतें. त्याला हा कंप फारच क्षीण ऐकूं आला. मौज अशी कीं, हें न ऐकूं येणेंच उपयोगी पडलें! व्हर्गोला ज्या दिशांकडून फारसें ऐकूं येत नाहीं, त्यांपैकींच एका दिशेला ते तारे असले पाहिजेत, असा त्याचा अर्थ झाला. या सर्व खटाटोपाला सुमारें पांच तास लागले. शेवटीं जो नकाशा निघाला त्यांत अठ्ठावीस चौरस अंशांचा पट्टा होता. म्हणजे सुमारें एकशें चाळीस पूर्णचंद्र मावतील एवढें आकाश.

नकाशा निघाला तेव्हां चिलींत दुपार होती. सूर्य मावळेपर्यंत वाट पाहावयाची, आणि मावळल्यावर हा भाग पश्चिम क्षितिजाखालीं जाण्यास अवघे दोन-एक तास. सगळा पट्टा चाळण्यास तेवढा वेळ पुरता ना. म्हणून लास कंपानस येथील एक मीटर व्यासाच्या स्वोप दुर्बिणीवर काम करणाऱ्या मंडळीनें दुसरी युक्ति योजिली. टक्कर सुमारें तेरा कोटी प्रकाशवर्षांवर झाली हें कंपावरून कळलेंच होतें. तेव्हां त्या पट्ट्यांतील तेवढ्याच अंतरावरच्या दीर्घिकांची यादी करून त्याच एकेक तपासावयाच्या. नवव्या छायाचित्रांत, वासुकी तारकासमूहांतील एका दीर्घिकेजवळ, पूर्वीं नसलेला एक ठिपका दिसला. तासाभरांत आणखी पांच तुकड्यांनींहि तोच ठिपका स्वतंत्रपणें टिपला.

पहिला वर्णपट त्याच डोंगरावरील मोठ्या दुर्बिणीनें त्याच संध्याकाळीं घेतला. ठिपका तेव्हां निळा होता. पुढें लास कुंब्रेस या संस्थेच्या दुर्बिणींनीं चिली, ऑस्ट्रेलिया व दक्षिण आफ्रिका अशी राखण बदलत त्याचा पाठपुरावा केला. कांहीं दिवसांतच निळा प्रकाश ओसरून तांबडा उरला. सोन्यासारखीं जड मूलद्रव्यें अशा टकरींत घडतात, याची साक्ष या रंगबदलांत होती. मधल्या रात्री कोणीं पाहिल्याच नसत्या तर ही साक्ष मिळती ना.

पण या रात्री फुकट मिळत नाहींत. मोठ्या दुर्बिणीवरील रात्र महिने महिने आधीं अर्ज करून मिळवावी लागते. तेथें बसलेल्या माणसास ऐन वेळीं, तुमचें काम थांबवा व या ठिपक्याकडे दुर्बीण वळवा, असें सांगावें लागतें. बऱ्याच वेधशाळांनीं यासाठीं नियमच केले आहेत. तरी ज्याची रात्र जाते त्याची ती जातेच. दुसरा प्रश्न गुप्ततेचा. २०१७ सालीं लायगोचे निरोप करार केलेल्या तुकड्यांनाच मिळत. खोटी हांक जगभर जाऊन हंसें होऊं नये, ही त्यामागची सावधगिरी. मला ती थोडी अनाठायीं वाटते. आकाशाच्या बाबतींत उशिरां कळलेल्या खऱ्यापेक्षां लवकर कळलेला संशय अधिक मोलाचा. २०१९ पासून हे निरोप सर्वांना खुले झाले, हें बरें झालें.

त्या वर्षीं ही दीर्घिका लवकरच सूर्याच्या तेजांत बुडाली व प्रकाश टिपणाऱ्या दुर्बिणींना कांहीं आठवडे दिसेनाशी झाली. रेडिओ लहरींना दिवसाची अडचण नाहीं व पावसाळी ढगांचीहि नाहीं. त्यामुळें आपल्या पुणें जिल्ह्यांतील नारायणगांवाजवळ, खोडद येथें, पंचेचाळीस मीटरांच्या तीस तबकड्या जेथें उभ्या आहेत, तेथूनहि हिचे वेध घेतले गेले. पुढें २०१८ सालीं लडाखांत हानले येथें, मुंबईची आय. आय. टी. व बंगलोरची ताराभौतिकी संस्था यांनीं सत्तर सेंटिमीटरांची एक दुर्बीण मुद्दाम अशाच पाहुण्यांसाठीं सुरूं केली. जपान-ऑस्ट्रेलियांत पहांट झाली आणि युरोप-आफ्रिकेंत अजून दिवस असला, म्हणजे मधली राखण तिच्याकडे येते.

आणि हिंगोली जिल्ह्यांत औंढा नागनाथजवळ लायगोचें भारतीय यंत्र उभारण्यास २०२३ सालीं केंद्र सरकारनें मंजुरी दिली आहे. तें इतर यंत्रांपासून फार दूर असल्यामुळें, तें चालूं झाल्यावर टकरीची दिशा बरीच नेमकी सांगतां येईल. मग चिलींतील माणसास नऊ छायाचित्रें घेण्याऐवजीं कदाचित् दोन-तीनच पुरतील.